इमारतीचें चित्र व प्रत्यक्ष इमारत

पुण्यामुंबईच्या हमरस्त्यानें जातां नव्या सदनिकांच्या जाहिरातींचे भव्य फलक दृष्टीस पडतात. फलकावरील इमारत सायंप्रकाशांत झळकत असते, अंगणांत घनदाट वृक्ष असतात. आणि फलकामागें पाहावें तों पुष्कळदां मातीचा खड्डा व पत्र्याचें कुंपण! जी वास्तु अद्याप उभीच राहिली नाहीं, तिचें हें हुबेहूब चित्र आलें कोठून? चौकस विद्यार्थ्यास हा प्रश्न पडावा, म्हणून येथें त्याचा विचार करूं.

न बांधलेली इमारत रेखाटण्याची कला जुनी आहे. जवळची वस्तु मोठी व दूरची लहान कशी काढावी, याची रीत इटलींतील आल्बेर्ती यानें १४३५ सालीं ग्रंथरूपानें मांडली. पुढें न्यूयॉर्कचा ह्यू फेरिस कोळशानें रेखाटलेल्या गगनचुंबी इमारतींच्या चित्रांसाठीं प्रसिद्ध झाला.

आज हें काम संगणकावर होतें. नकाशावरून इमारतीची त्रिमिति प्रतिकृति रचतात. भिंतीस रंग व खिडकीस कांच देतात. आकाशांत सूर्य नेमतात व कॅमेऱ्याची जागा ठरवितात. मग संगणक प्रकाशकिरणांचा माग काढतो, आणि तोहि बहुधा उलट दिशेनें, म्हणजे कॅमेऱ्याकडून दिव्याकडे किंवा सूर्याकडे. कारण सूर्याचे बहुतेक किरण कॅमेऱ्यापर्यंत पोंचतच नाहींत. त्यांचा हिशेब व्यर्थ जाईल. प्रकाशाचा हा व्यवहार जेम्स काजिया यानें १९८६ सालीं एका समीकरणांत गोंविला.

असें असतां फसगत होते कशी? गणित खरें असतें. परंतु गणितास काय पुरवावें, हें मनुष्य ठरवितो. रुंद भिंगानें अंगण ऐसपैस भासतें. शेजारची इमारत, नाला, विजेच्या तारा गाळतां येतात. वीस वर्षांचे वृक्ष क्षणांत उभे राहतात. सूर्यहि हवा तेथें बसवितां येतो. आपल्याकडे हिंवाळ्यांत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो. तरी चित्रांत उत्तरेच्या भिंतीवर कोवळें ऊन पसरतें!

येथें आम्ही पालकांचें लक्ष वेधूं इच्छितों. घरासाठीं कुटुंबाची जन्माची पुंजी लागते. ती केवळ चित्रावर विसंबून देऊं नये. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याच्या कलम १२ अन्वयें, जाहिरातींतील खोट्या विधानावर भरंवसा ठेवून रक्कम दिल्यानें नुकसान झाल्यास भरपाई मागतां येते. कलम १३ प्रमाणें, लेखी करार करून तो नोंदविण्यापूर्वीं किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. जाहिरातीवर महारेराचा नोंदणीक्रमांक शोधावा. त्यावरून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती पाहावी, आणि मंजूर नकाशा मागून घ्यावा.

विद्यार्थ्यांनींहि वडिलांबरोबर तो नकाशा उघडावा. उत्तर दिशा कोणती, शेजारीं काय आहे, झाडांस माती किती, हें पाहावें व चित्राशीं ताडून घ्यावें. भूमिति व भूगोल हे विषय परीक्षेपुरतेच नाहींत, हें त्या वेळीं सहज पटेल. आणि कदाचित् घराची पुंजीहि वांचेल.