दारात उभं आहे ते कोण?

मैत्रिणींनो, दुपारची झाकपाक झाली की आपण चौघीजणी जिन्यात नाही तर भाजीच्या गाडीपाशी उभ्या राहतो. विषय ठरलेले: नळाचं पाणी, मुलांच्या परीक्षा, कांद्याचा भाव. पण हल्ली एक नवाच विषय निघतो आणि बघता बघता आवाज चढतात. परदेशातून आलेल्या माणसांना ठेवून घ्यायचं की परत पाठवायचं?

ज्यांची मुलं इंग्लंडात आहेत, त्या तिकडची हकिगत सांगतात. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रबरी होड्यांत दाटीवाटीनं बसून माणसं इंग्लिश खाडी ओलांडतात. एकट्या २०२२ सालात अशी ४५ हजारांहून जास्त माणसं आली. "आमच्या मुलानं व्हिसासाठी केवढे खेटे घातले, आणि हे होडीत बसले की पोचले!" एक म्हणते. "अगं, कडेवर पोर घेऊन त्या होडीत कुणी हौसेनं बसतं का?" दुसरी विचारते. तथ्य दोघींच्याही बोलण्यात आहे. म्हणूनच तर वाद मिटत नाही.

पण इतक्या लांब तरी कशाला जायचं? तुमच्यापैकी अनेकजणी रामेश्वरला जाऊन आल्या असतील. १९८३ साली श्रीलंकेत तमिळांविरुद्ध दंगली उसळल्या, तेव्हापासून त्याच किनाऱ्याला होड्या लागत आल्या आहेत. २०२२ मध्ये तिथे महागाईनं कहर केला, दूधपावडरसुद्धा मिळेना, तेव्हा पुन्हा काही कुटुंबं निघाली. धनुष्कोडीजवळच्या वाळूच्या बेटावर अडकलेल्यांना आपल्या तटरक्षक दलानं सोडवून आणलं. त्यात तान्हं मूलही होतं. आधी पाण्यातून बाहेर काढलं, चौकशी मागाहून. मला वाटतं, तिथवर कुणाचंच दुमत होणार नाही. दुमत सुरू होतं ते पुढे. तमिळनाडूच्या छावण्यांत हजारो माणसं वर्षानुवर्षं राहत आहेत, कित्येकांचा जन्मच इथला. पण २०१९ च्या नागरिकत्वाच्या कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान हे तीनच देश आहेत, श्रीलंका नाही.

आता आपल्या मुलुंडकडे वळू या. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि सिंधी कुटुंबं मिळेल त्या बोटीनं मुंबईच्या गोदीत येऊन उतरू लागली. शहरात आधीच जागेची टंचाई. त्याच वर्षी मुंबई सरकारनं निर्वासितांसाठी खास कायदा केला: नाव नोंदवा आणि सांगू तिथे राहा. महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या कल्याणच्या छावणीत लाखावर माणसं राहिली. त्याच छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. मुलुंडची कॉलनी, चेंबूरचा कॅम्प हेही त्याच काळातले.

लोकांनी काही ओवाळून त्यांचं स्वागत केलं नाही. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, "हे स्वस्तात विकतात, आपल्या दुकानदारांचं कसं व्हायचं?" अशी कुरकूर घरोघरी चाले. आणि त्या बायका? घरच्या घरी पापड लाटून दारोदार विकायच्या. पुढे त्याच समाजानं मुंबईत कॉलेजं काढली. १९४८ मध्ये जयहिंद निघालं, १९४९ मध्ये बांद्र्याचं नॅशनल. आज तिथल्या प्रवेशासाठी आपणच खटपट करतो.

"पण ते आपलेच होते!" असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. अखंड हिंदुस्थानातली माणसं होती ती. त्यांचा दाखला देऊन आजचा प्रश्न सुटत नाही. बाहेरून कोण येतं, किती येतं, हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. घराला दार असतं ते बंद करता यावं म्हणूनच. शिवाय निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि आपल्याकडे त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही. तरी १९९६ साली चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जीविताचं संरक्षण नागरिकालाच नव्हे, या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला आहे.

आता हे सगळं आपल्या उंबऱ्याशी कसं येतं, ते सांगते. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत एका मुलीला वर्गातली पोरं 'बांगलादेशी' म्हणून चिडवू लागली. तिची आई चार घरी पोळ्या करते. गाव नदिया जिल्ह्यातलं, म्हणजे आपल्याच पश्चिम बंगालातलं. घरी बंगाली बोलतात, एवढाच तिचा गुन्हा! मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. मी वर्गात नकाशा टांगला आणि नदिया कुठे आहे ते मुलांनाच शोधायला लावलं. मुलगी आता येते, पण मधल्या सुट्टीत एकटीच डबा खाते.

ही पोरांची चेष्टा म्हणून सोडून देऊ नका. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात पकडून बांगलादेशाच्या हद्दीत ढकललेली काही माणसं पश्चिम बंगालची, म्हणजे भारतीयच निघाली. त्यांना परत आणावं लागलं.

तेव्हा एवढं करू या. कामाला बाई ठेवताना ओळखपत्र जरूर बघा, पोलिसांकडे नोंद करा, ते आपलं कर्तव्यच आहे. पण तिची मूळ कागदपत्रं स्वतःजवळ ठेवून घेऊ नका, झेरॉक्स पुरे. भाषेवरून, नावावरून निवाडा करू नका. शंका आली तर चौकशी पोलिसांनी करावी, जिन्यातल्या बैठकीनं नव्हे. आणि काही कारणानं कामावरून काढलंत, तर झालेल्या दिवसांचा पगार तिच्या हातावर ठेवा.

मुलांसमोर बोलताना तर फारच जपा. देशात कुणाला घ्यावं याबद्दल आपली मतं वेगळी असतील, खुशाल असू देत. पण शेजारच्या बाकावरच्या मुलीशी कसं वागायचं, हे मुलं आपल्या जिन्यातल्या गप्पांवरूनच शिकतात.