तलवारबाजी : आधी पाय, मग पाते

तलवारबाजीत वार हाताने होतो, पण तो लागणार की हुकणार हे बहुतेक वेळा पाय ठरवतात. समोरचा आपल्या टप्प्यात आला आहे का आणि आपण त्याच्या टप्प्याबाहेर आहोत का, हा अंदाज म्हणजे या खेळाचा गाभा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तो समजावून सांगता येत नाही, खेळता खेळता मात्र तो अंगवळणी पडतो. म्हणून पहिले काही आठवडे मुलांच्या हाती शस्त्र न देणेच चांगले.

सुरुवात पवित्र्यापासून होते. पुढचे पाऊल सरळ समोर, मागचे त्याला काटकोनात, दोन्ही टाचा एका रेषेत आणि गुडघे वाकलेले. नुसते असे उभे केले तर मुले लगेच कंटाळतात. याच पवित्र्यात, पायांची कात्री होऊ न देता शिवाशिवी खेळायला लावली की तीच मुले घाम निघेपर्यंत थांबत नाहीत.

अंतराचा अंदाज येण्यासाठी जोडीचा एक खेळ फार उपयोगी पडतो. दोन मुले समोरासमोर उभी राहतात आणि एक हलकी काठी दोघांच्या तळव्यांमध्ये केवळ दाबाने तोलून धरतात. एकाने मनाला येईल तसे पुढे-मागे सरकायचे, दुसऱ्याने काठी पडू न देता त्याला साथ द्यायची. काठी पडली की अंतर चुकले, हे सांगायला पंच लागत नाही.

हातमोज्याचा खेळ याहून मोलाचा आहे. प्रशिक्षक खांद्याच्या उंचीवर हातमोजा धरतो, मूल एका झेपेच्या अंतरावर पवित्रा घेते. मोजा सुटला की पुढचा पाय टाकून तो हवेतच पकडायचा. सुरुवातीला मुले आधी पाय उचलतात, हात मागे राहतो आणि मोजा खाली पडतो. दहा-बारा वेळा हुकल्यावर हात आपोआप आधी सुटू लागतो. तलवारबाजीतल्या झेपेचा, म्हणजे लंजचा, क्रमही नेमका हाच आहे : आधी हात, मग पाय.

पंचांच्या आज्ञा फ्रेंचमध्ये असतात. ‘आले’ म्हटले की निघायचे आणि ‘आल्त’ म्हटले की जागीच थिजायचे, असा स्टॅच्यूसारखा खेळ घेतला की त्या सहज पाठ होतात. ‘आल्त’ ऐकताच थांबण्याची सवय सुरक्षिततेसाठीही हवीच.

यानंतर फोमची किंवा प्लास्टिकची तलवार येते. महागड्या साहित्यावाचून सुरुवात अडत नाही. चेन्नईच्या भवानी देवीने २००४ मध्ये शाळेत हा खेळ सुरू केला, तेव्हा सराव बांबूच्या काठ्यांवर होत असे. पुढे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सेबर प्रकारात उतरून ती ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली.

फॉइल, एपे आणि सेबर या तीन प्रकारांपैकी फॉइलपासून सुरुवात करण्याची जुनी पद्धत आहे. त्यात फक्त धडावर आणि फक्त टोकानेच गुण मिळतो, त्यामुळे अचूकतेला वळण लागते. सेबरमध्ये कंबरेच्या वर, हाताचे पंजे सोडून, कुठेही, पात्याच्या धारेनेही वार चालतो. लहान मुलांचा हात मुळातच तलवार फिरवण्याकडे ओढ घेतो, त्यामुळे काही प्रशिक्षक सेबर आधी देतात, आणि त्यात गैर काही नाही.

धातूचे पाते मात्र वयाला साजेसेच हवे. पूर्ण आकाराचे, ५ क्रमांकाचे फॉइलचे पाते ९० सेंटीमीटर लांब असते. लहानग्यांसाठी ० किंवा २ क्रमांकाची आखूड पाती मिळतात. लांब पात्याच्या ओझ्याने मनगट खाली झुकते आणि ती खोड पुढे सुटता सुटत नाही. मास्क, जाकीट आणि हातमोजा यांत मात्र कसलीही सूट नाही. १९८२ च्या रोममधील जागतिक स्पर्धेत तुटलेले पाते मास्क भेदून गेले आणि तलवारबाज व्लादिमीर स्मिर्नोव्ह यांचा मृत्यू झाला. त्यानंतर पाती, मास्क आणि पोशाख यांचे निकष कडक झाले.

हा खेळ एकांगी आहे. तोच पाय सतत पुढे, तोच हात सतत ताणलेला. वाढत्या वयात एकाच बाजूवर भार पडू नये, म्हणून शिवाशिवी, काठी आणि मोजा हे सारे खेळ दर वेळी दुसऱ्या हातानेही घ्यावेत. डावखुऱ्या मुलाला तलवारीचा हात बदलायला मात्र सांगू नये. डावखुऱ्याचे वार वेगळ्या कोनातून येतात आणि समोरच्याला ते अडवणे अवघड जाते.