रोस्पुदाचें खोरें आणि आउगुस्तुवचा रस्ता

रस्ता हवा कीं रान हवें, असा प्रश्न उभा राहिला म्हणजे बहुधा दोन तट पडतात आणि प्रत्येक तटास दुसरा दुराग्रही वाटूं लागतो. पोलंड देशाच्या ईशान्य कोपऱ्यांत रोस्पुदा नांवाच्या एका लहानशा नदीवरून असाच वाद माजला. २००७ सालीं तो सबंध देशांत पेटला व लक्झेंबुर्ग येथील युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. त्या वादांत दोन्ही बाजूंची तळमळ खरी होती. म्हणूनच तो समजून घेण्यासारखा आहे.

या नदीजवळ आउगुस्तुव हें सुमारें तीस हजार वस्तीचें शहर आहे. सरोवरें व अरण्यें यांच्या मधोमध वसलेलें हें गांव विश्रांतीसाठीं येणाऱ्या लोकांत प्रसिद्ध. परंतु भूगोलानें त्याच्या नशिबीं एक संकट लिहून ठेविलें होतें. एका बाजूस रशियाचा कॅलिनिनग्राड प्रांत व दुसऱ्या बाजूस बेलारूस. या दोहोंमधील चिंचोळ्या पट्टींतूनच पोलंडहून लिथुआनिया, लाटव्हिया व एस्टोनिया या देशांकडे खुष्कीनें जातां येतें. २००४ सालीं हे चारही देश युरोपीय संघांत सामील झाले आणि मालमोटारींचा लोंढा वाढला. त्या अवजड गाड्या रात्रंदिवस गांवच्या रस्त्यांवरून धांवूं लागल्या. झोंप उडाली, आणि अपघातांत माणसें दगावूं लागलीं. गांवाबाहेरून वळणरस्ता व्हावा, ही नागरिकांची जुनी मागणी आतां जिवाची झाली.

सरकारनें सुमारें १७ किलोमीटर लांबीचा वळणरस्ता आंखला. तो ज्या ठिकाणीं रोस्पुदा ओलांडणार होता, तेथें सुमारें अर्ध्या किलोमीटरचा पूल खांबांवर उभारावयाचा होता. वाद पेटला तो या अर्ध्या किलोमीटरवरून.

वरवर पाहणाऱ्यास ती जागा म्हणजे निव्वळ दलदल. परंतु तिची घडण विलक्षण आहे. पाण्याखालीं प्राणवायु पोंचत नसल्यामुळें मेलेलें शेवाळ व गवत पुरतें कुजत नाहीं. त्याचे थरावर थर साचून हजारों वर्षांत मऊ, स्पंजासारखी जमीन तयार होते. तिला पीट म्हणतात. रोस्पुदाच्या खोऱ्यांत बाजूच्या उंचवट्यांखालून झऱ्यांचें पाणी या थरांत शिरतें व त्यांतून हळूहळू झिरपत नदीस मिळतें. जमीन सदैव पाण्यानें भरलेली राहिल्यामुळें तेथें दाट झाडी माजत नाहीं आणि दुर्मिळ वनस्पति टिकून राहतात. मधासारखा वास असलेलें एक इवलेंसें हिरवट ऑर्किड पोलंडमध्यें येथेंच आढळत असल्याची नोंद होती. युरोपांत अशा पाणथळ जमिनी चर खणून ठिकठिकाणीं कोरड्या करण्यांत आल्या. हें खोरें मात्र जवळजवळ मूळ रूपांत उरलें होतें.

पुलाचे खांब थोडेच, मग बाधा ती किती, असें रस्त्याचे पुरस्कर्ते विचारीत. त्यावर शास्त्रज्ञांचें म्हणणें असें कीं, आंतून झिरपणारें पाणी हाच या जमिनीचा प्राण आहे. खांब रोवावयाचे तर अवजड यंत्रें आणावीं लागतात, भराव घालावा लागतो. त्या भारानें पीट दबलें कीं एके ठिकाणीं पाणी तुंबतें व दुसरीकडे जमीन सुकते. सुकलेल्या पीटमध्यें हवा शिरली म्हणजे तें कुजूं लागतें, आणि हजारों वर्षें सांठलेला कार्बन वायुरूपानें बाहेर पडतो. भरपाई म्हणून दुसरीकडे झाडें लावण्याची सरकारची तयारी होती. परंतु पाणथळाची भरपाई झाडांनीं होत नाहीं.

२००७ च्या हिंवाळ्यांत निसर्गप्रेमी तरुणांनीं बर्फांत तंबू ठोकून खोऱ्यांत ठाण मांडलें. त्यांच्या पाठिंब्याचें चिन्ह म्हणून देशभर लोक हिरव्या फिती लावूं लागले. इकडे आउगुस्तुवच्या रहिवाशांनीं रस्ता अडवून आपला संताप व्यक्त केला. आपल्या मुलांहून शहरवाल्यांस एक फूल प्रिय झालें, असें त्यांस वाटे. आणि ज्यानें दारापुढें अपघात पाहिला आहे, त्यास असें वाटलें तर नवल नाहीं. मे महिन्यांत त्या प्रांतांत लोकमत घेण्यांत आलें. मतदान करणारे बहुसंख्य लोक रस्त्याच्या बाजूचे होते. पण पुरेसे मतदार न आल्यामुळें तो कौल बंधनकारक ठरला नाहीं.

श्रोत्यांस हें ऐकून आश्चर्य वाटेल कीं, कायद्याच्या दृष्टीनें माणूस मोठा कीं फूल मोठें, हा प्रश्नच नव्हता. निसर्गरक्षणाचा १९९२ सालचा युरोपीय निर्बंध संरक्षित जागेंतून रस्ता नेण्यास सर्वस्वीं मनाई करीत नाहीं. जागेस अपाय होणार असल्यास तो दोन गोष्टी विचारतो : दुसरा मार्ग खरोखरच नाहीं काय? आणि लोकहिताची निकड तितकी मोठी आहे काय? निकड उघड होती. पहिल्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मात्र सरकारजवळ नव्हतें. एप्रिल २००७ मध्यें युरोपीय न्यायालयाच्या अध्यक्षांनीं काम तात्पुरतें थांबविण्याचा हुकूम दिला. त्या उन्हाळ्यांत खोऱ्यांतील काम सरकारनेंच स्थगित केलें.

पुढें निरनिराळ्या मार्गांची तुलना झाली, आणि मार्च २००९ मध्यें सरकारनें राच्की गांवाजवळून जाणारा मार्ग पत्करला. तोहि रोस्पुदा ओलांडतो, पण जेथें असें नाजूक पाणथळ नाहीं अशा ठिकाणीं. नोव्हेंबर २०१४ मध्यें तो वाहतुकीस खुला झाला. गांवांतून जाणाऱ्या मालमोटारी बाहेर वळल्या; खोरेंहि अबाधित राहिलें.

असा शेवट गोड झाला तरी त्याची किंमत आउगुस्तुवच्या लोकांनीं मोजली. वाद पेटल्यापासून नवा रस्ता होईपर्यंत सात वर्षें गेलीं, आणि तितकीं वर्षें गाड्या त्यांच्या दारावरून धांवत राहिल्या. हा दोष निसर्गाच्या कैवाऱ्यांवर ढकलणें सोपें आहे. परंतु अखेरीस झालेली मार्गांची निःपक्षपाती तुलना नकाशावर पहिली रेघ ओढतांनाच झाली असती, तर रहिवाशांस रस्ता लवकर मिळाला असता आणि तरुणांस बर्फांत तंबू ठोकावे लागले नसते. इतर देशांतहि असे रस्ते आंखले जातात. तेथील अधिकाऱ्यांनीं आउगुस्तुवच्या त्या सात वर्षांचा हिशेब एकदां पाहून ठेवावा.