घाणेरी मुळावरूनच काढा!
सातारा-देवळाईकडच्या बागा-प्लॉटवाल्यांनो, कुंपणातली घाणेरी कोयत्याने छाटत बसू नका. छाटली की बुडातून दुप्पट फुटवे येतात. एकोणिसाव्या शतकात शोभेचं झुडूप म्हणून भारतात आणलेली ही अमेरिकेकडची घाणेरी ऊर्फ टणटणी पुढे रानभर पसरली.

दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाची पद्धत मला सगळ्यात पटते. फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथून. म्हणून बुडाची माती उकरायची, जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर कुदळीने मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उपटून उलटं ठेवायचं, मुळं वर. मुळं ओल्या मातीला टेकली तर ते पुन्हा रुजतं! आपल्या मुरमात उन्हाळ्यात कुदळ चालत नाही. एक-दोन चांगले पाऊस झाले की हात घाला, पण फळं काळी पडायच्या आत. हातमोजे हवेतच. पाला जनावरांना विषारी आहे, गोठ्याकडे टाकू नका.

बुलबुल फळं खाऊन बिया टाकतात, त्यामुळे झाडांखाली, तारांखाली रोपं उगवत राहणार. ती बोटाएवढी असतानाच उपटा. सुबाभळीचंही तसंच, शेंगा वाळण्याआधी तोडा.