३१२ किलोमीटर कुठे गेले?

२०२१ च्या दसऱ्याला आम्ही विजेवर चालणारी गाडी घरी आणली. पद्धतीप्रमाणे हार झाला, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवले. विक्रेत्याकडच्या मुलाने बटण दाबले आणि म्हणाला, "सर, गाडी सुरू झाली." काहीच ऐकू आले नाही. ना क्लच, ना गिअर. पायाखाली फक्त दोन पट्ट्या: एक पळवायची, एक थांबवायची. पेढे वाटून आम्ही आवाज न करता घरी पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत नववीच्या मुलांनी गाडीभोवती गराडा घातला. माहितीपत्रकातला आकडा त्यांना माझ्याआधी पाठ होता. एकदा पूर्ण चार्ज केली की ३१२ किलोमीटर! महिनाभर मी वहीत नोंदी ठेवल्या. पुण्यातल्या रोजच्या ये-जा करण्यात आणि एक-दोन लांबच्या फेऱ्यांत माझा हिशोब २०० ते २१० किलोमीटरच्या पुढे जाईना. मुलांना हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे सर, तुम्हाला फसवलं?"

या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देऊन भागणार नव्हते. ते शोधताना नववी-दहावीच्या पुस्तकातले बल, कार्य, ऊर्जा हे सगळे धडे कामाला आले. तो प्रवास येथे मांडतो आहे. आपल्या वर्गातही तो करता येईल.

टाकीत किती मावते?

गाडीच्या बॅटरीची क्षमता सुमारे ३० किलोवॅट-तास आहे. विजेच्या बिलात आपण ज्याला 'युनिट' म्हणतो तोच हा किलोवॅट-तास. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे ३० युनिटांची ही 'टाकी' झाली.

हे जास्त की कमी? एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे ९ युनिटे ऊर्जा मिळते. म्हणजे आमच्या बॅटरीत, जिचे वजन दोनशे किलोंच्या पुढे आहे, जेमतेम सव्वातीन लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा मावते! मग एवढ्याशा ऊर्जेत गाडी दोनशे किलोमीटर जाते कशी? पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनापैकी साधारण पाव हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो, उरलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. विजेच्या मोटरीत मात्र शंभरातले सुमारे ८५ भाग चाकांना मिळतात. आपली गाडी काटकसरी आहे, पण तिची टाकी फार लहान आहे. लहान टाकीतून थोडे जरी जास्त सांडले तरी लगेच जाणवते. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

ऊर्जा खाते कोण?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन विरोध होतात. पहिला टायर आणि रस्ता यांच्यातला. टायर दबतो, पुन्हा फुगतो, तापतो. हा विरोध गाडीच्या वजनाच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतका असतो. माणसे-सामान धरून आमची गाडी १६०० किलोची, म्हणजे हा विरोध सुमारे १७० न्यूटन. वेग वाढला तरी तो फारसा बदलत नाही.

दुसरा विरोध हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट. आमच्या आकाराच्या गाडीला ताशी ५० किलोमीटर वेगाला तो सुमारे ८५ न्यूटन भरतो, तर ताशी १०० ला ३४० न्यूटन.

आता बेरीज करू. ताशी ५० ला एकूण विरोध १७० + ८५ = २५५ न्यूटन. ताशी १०० ला १७० + ३४० = ५१० न्यूटन, म्हणजे बरोबर दुप्पट. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य. एक किलोमीटर जायला ताशी ५० ला २ लाख ५५ हजार ज्यूल, म्हणजे ०.०७ युनिट लागेल. मोटरीची ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीतून ०.०८३ युनिट जाईल. ताशी १०० ला हाच आकडा ०.१६७ होतो.

३० युनिटांना या आकड्यांनी भागून पाहा. ताशी ५० ने ३६० किलोमीटर, ताशी १०० ने १८०. गाडी तीच, बॅटरी तीच, रस्ताही तोच. फरक फक्त पायाच्या दाबाचा!

थंड हवेची किंमत

भर उन्हात गाडीतले वातानुकूलन यंत्र सुमारे दीड किलोवॅट शक्ती घेते असे धरू. ते किलोमीटर मोजत नाही, तास मोजते. ताशी १०० ने जाताना तासाला दीड युनिट शंभर किलोमीटरवर वाटले जाते, म्हणजे किलोमीटरला ०.०१५ युनिट. फारसे काही नाही. पण शहरातल्या कोंडीत तासाला २० किलोमीटरच सरकलो, तर तेच दीड युनिट वीस किलोमीटरवर पडते: किलोमीटरला ०.०७५. या वेगाला गाडी ढकलायला ०.०६ युनिट पुरते. म्हणजे कोंडीत गाडी चालवण्यापेक्षा ती थंड ठेवायलाच जास्त वीज जाते!

मुलांना हे फार आवडले. वेगात हवा खाते, कोंडीत गारवा खातो. मधल्या वेगाला दोन्ही आटोक्यात राहतात.

मग ३१२ आले कुठून?

आपल्याकडे गाड्यांची अशी चाचणी एका ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे होते. पुण्यातली 'एआरएआय' ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था अशा चाचण्या करते. गाडी प्रयोगशाळेत रुळांवर ठेवतात. चाके फिरतात, गाडी जागेवरच राहते. केव्हा वेग वाढवायचा, केव्हा थांबायचे हे सेकंदासेकंदाला ठरलेले असते. ही एक फेरी १,१८० सेकंदांची, सुमारे १०.६ किलोमीटरची असते. जास्तीत जास्त वेग ताशी ९०, तोही थोडाच वेळ. सरासरी वेग ताशी साडेबत्तीसच्या आसपास. वातानुकूलन बंद.

आता आपलेच आकडे आठवा. मंद वेग, गारवा नाही, चढ नाही, वारा नाही. अशा स्थितीत ३१२ हा आकडा अगदी शक्य आहे. तो खोटा नाही. पण तो 'तुमची गाडी इतकी जाईल' याचे वचनही नाही. सगळ्या गाड्यांना एकच प्रश्नपत्रिका दिली तर कोणाला किती गुण मिळाले, एवढेच तो सांगतो. परीक्षेतल्या गुणांवरून आयुष्याचा अंदाज बांधू नये हे आपण शिक्षकांपेक्षा कोणाला जास्त कळणार?

पसरणीचा घाट

हे सगळे कागदावर ठीक होते. त्याची खरी परीक्षा डिसेंबरात झाली. आम्ही तिघे शिक्षक एका रविवारी पाचगणीला गेलो. पुणे ते वाई सुमारे ८५ किलोमीटर, पुढे पसरणीचा १२ किलोमीटरचा घाट. निघताना बॅटरी १०० टक्के. ताशी ८० च्या वेगाने, गारवा चालू ठेवून, गप्पा मारत वाईला पोहोचलो तेव्हा ५५ टक्के उरली होती. पडद्यावर 'उरलेला पल्ला ११२ किलोमीटर' असे दिसत होते. पाचगणीत पोहोचलो तर बॅटरी ४२ टक्के आणि पल्ला ७० च्या खाली. बारा किलोमीटर गेलो आणि चाळीसहून अधिक किलोमीटर गायब!

तिथले चार्जिंग केंद्र नेमके बंद निघाले. पुणे ९७ किलोमीटर दूर. एका सहकाऱ्याची आजारी आई घरी, शेजारणीच्या भरवशावर. त्यांना रात्री परतायलाच हवे होते. "साध्या प्लगवर लावू या का कुठेतरी?" त्या म्हणाल्या. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन युनिटांच्या आतच भर पडते. दोन-तीन तास सहज गेले असते. आम्ही हॉटेलच्या बिलाची मागची बाजू घेतली आणि गणित मांडले.

वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर, पाचगणी १३०० च्या आसपास. म्हणजे १६०० किलोची गाडी आम्ही ६०० मीटर उचलली होती. वस्तुमान × ९.८ × उंची: सुमारे ९४ लाख ज्यूल, म्हणजे २.६ युनिट. मोटरीतली तूट धरून ३.१ युनिट आणि रस्त्याचा नेहमीचा खर्च ०.८. एकूण ३.९ युनिट, म्हणजे बॅटरीचे १३ टक्के. ५५ मधून १३ गेले, ४२ उरले. हिशोब जुळला! वीज वाया गेली नव्हती, तिचा मोठा भाग स्थितिज ऊर्जा होऊन आमच्याबरोबर डोंगरावर बसला होता. पडद्यावरच्या यंत्राला मात्र पुढे उतार आहे हे ठाऊक नव्हते. मागचा रस्ता जसा गेला तसाच पुढचा जाईल, असे धरून ते अंदाज सांगत होते.

उतारावर मोटर उलटे काम करते. चाके तिला फिरवतात, ती जनित्र होते आणि बॅटरीत वीज भरते. सगळी ऊर्जा परत येत नाही. रस्त्याचा खर्च वजा जाता जी उरते, तिच्यातले दोन तृतीयांश हाती लागतील असे धरले. मग वाईला सव्वा युनिट वाढून ४६ टक्के व्हायला हवे होते. वाईपासून पुढे ताशी ६० ने, गारवा बंद ठेवून गेलो तर किलोमीटरला ०.०९५ युनिट, म्हणजे ८५ किलोमीटरला ८.१. पुणे वाईपेक्षा खाली आहे, त्याचा थोडा फायदा. दिव्यांचा थोडा खर्च. पुण्यात १८ टक्के उरायला हवेत. ताशी ८० ने आणि गारवा लावून आलो असतो तर जेमतेम चार-पाच टक्के उरले असते. एवढ्या कमी पुंजीवर रात्रीचा प्रवास करू नये.

आम्ही एक अटही लिहिली: वाईत आकडा ४२ च्या वर नसेल तर तिथेच थांबून चार्ज करायचे. अंदाज चुकला तर काय, हेही गणितातच हवे.

निघालो. घाट उतरताना ब्रेकला पाय लावावा लागला तो थोडाच. वाईत पाहिले, ४५ टक्के. काचा अर्ध्या उघड्या, अंगात स्वेटर, मागून ट्रकसुद्धा पुढे जात होते. घरी पोहोचलो तेव्हा बॅटरी १३ टक्के होती. आमचा अंदाज ५ टक्क्यांनी चुकला. खंबाटकीच्या बोगद्याअगोदरचा चढ आणि कात्रजचा चढ आम्ही धरला नव्हता, आणि शहरात शिरताना लागलेली कोंडीही. सहकारी नऊच्या आत आईजवळ पोहोचल्या.

वर्गात करून पाहा

१. मोडक्या खेळण्यातली गिअर असलेली लहान मोटर घ्या. तिचा दांडा हाताने फिरवा. आता तिच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून पुन्हा फिरवा. दांडा जड का झाला? वीज तयार करायला हाताला कार्य करावे लागते. गाडी उतारावर आपोआप सावरली जाते ती याच कारणाने.

२. सायकल मैदानावर आधी सावकाश, मग जोरात चालवा. पायांना आणि चेहऱ्याला काय जाणवते ते लिहा.

३. कोणाकडे विजेची स्कूटर असेल तर चार्ज करण्याआधी आणि नंतर घरच्या मीटरचे आकडे टिपा. बॅटरीत जितकी वीज भरली त्याहून मीटरवर जास्त दिसेल. आमच्याकडे ३० युनिटे भरायला मीटरवर ३४ च्या आसपास पडतात. मधली चार कुठे गेली? चार्जिंग चालू असताना चार्जर कोमट लागतो, त्यातच उत्तर आहे.

एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशापासून येते, आणि औष्णिक केंद्रात कोळशातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज बनतो. गाडीच्या मागे धूर नाही म्हणजे तो कुठेच नाही असे नव्हे. मात्र वीज कशापासून करायची हे पुढे बदलता येते. सूर्यापासून आलेली वीज त्याच प्लगमधून त्याच गाडीत जाते.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी बिलामागचे गणित दाखवले. त्याने ते दोनदा तपासले आणि म्हणाला, "सर, फसवलं नाही. पण माहितीपत्रकात वेग आणि गारव्याचं पण लिहायला पाहिजे होतं." मला वाटते, त्याचे म्हणणे बरोबर आहे.