पोटाचे काम सांभाळून कादंबरी

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळात ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले ते वैशाली येडे यांच्या हातून. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या या बाई. शेतकरी नवरा आत्महत्येने गेल्यावर अंगणवाडीत काम करून आणि शिवणयंत्र चालवून त्यांनी लेकरे सांभाळली. ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी कामही केले. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेले निमंत्रण मागे घेतल्यामुळे ते संमेलन देशभर गाजले, पण वादाचा धुरळा बसल्यावर आम्हा यवतमाळकरांच्या ध्यानात राहिले ते या बाईंचे भाषण. व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून अरुणा ढेरे होत्या. त्याआधी १९७३ साली याच गावात गदिमांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले होते. दोन संमेलनांमध्ये शेहेचाळीस वर्षे गेली. या काळात जिल्ह्यातल्या घराघरांत जे घडले, ते मांडायला कविता आणि नाटके अपुरी पडतील. त्याला कादंबरीच पाहिजे, आणि ती लिहिणारा माणूस दिवसभर दुसरे काही काम करणाराच असणार, असे माझे ठाम मत आहे.

मराठीत कादंबरीवर घर चालत नाही. हजार प्रतींची आवृत्ती, तीनशे रुपये किंमत आणि दहा टक्के मानधन धरले, तर सगळ्या प्रती खपल्यावर लेखकाच्या हाती तीस हजार रुपये पडतात. कादंबरी लिहायला दोन-तीन वर्षे सहज जातात. म्हणून मराठी कादंबरीकार पहिल्यापासून जोडधंद्याचा माणूस आहे. हरी नारायण आपटे पुण्याच्या आनंदाश्रमाचे व्यवस्थापक होते. संस्थेचा कारभार बघून त्यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्ष्यात कोण घेतो?’ त्यातच क्रमशः छापली. दर आठवड्याला मजकूर देणे भाग होते, त्यामुळे सवड मिळेल तेव्हा लिहू, अशी मुभाच त्यांना नव्हती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी खामगाव, जळगाव-जामोदला वकिली करून नाटके, विनोदी लेख आणि कादंबऱ्या लिहिल्या. श्रीधर व्यंकटेश केतकर अमरावतीत शिकले, पुढे ज्ञानकोशाचे डोंगराएवढे काम अंगावर घेतले, आणि त्यातूनच ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘ब्राह्मणकन्या’ यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांची भाषा ओबडधोबड आहे. पण समाजशास्त्रज्ञाला ग्रंथात जे प्रश्न मोकळेपणाने विचारता येत नाहीत, ते त्यांनी कादंबरीत विचारले. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला होते, आणि त्या काळात लिहीत राहिले दापोलीकडच्या माणसांविषयी. ‘रथचक्र’ला १९६३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

बाहेरही हेच दिसते. बंकिमचंद्र १८५८पासून १८९१पर्यंत सरकारी डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. काफ्का प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत होता. कारखान्यात कुणाचे बोट तुटले, कुणाचा हात गेला, याच्या फायली तो दुपारी दोनपर्यंत बघे आणि रात्री लिहायला बसे. माणूस कचेरीच्या कागदात कसा हरवतो हे त्याच्याइतके कुणी लिहिले नाही, आणि त्याचे मूळ त्या फायलींत आहे असे मला वाटते. इंग्लंडचा अँथनी ट्रॉलप टपाल खात्यात होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द काढायचे, हा त्याचा नेम. वेळेवर उठवणाऱ्या म्हाताऱ्या नोकराला तो त्यासाठी वर्षाचे पाच पौंड जादा देई. अशा रीतीने त्याच्या सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या. प्रतिभेचा अपमान समजून पुष्कळांनी त्याला नावे ठेवली. मला मात्र तो माणूस पूज्य वाटतो, कारण साडेआठनंतर त्याला कामावर जायचे होते हे त्याने कधी लपवले नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. वऱ्हाडातल्या कादंबरीचा विचार उद्धव शेळके यांच्या ‘धग’शिवाय होत नाही. १९६०चे हे पुस्तक. कौतिक ही तिची नायिका. नवरा महादेव शिंपी, धंद्यात मन नाही, पुढे त्याला महारोग होतो, आणि कौतिक दुसऱ्याच्या वावरात राबून संसार ओढते. पोराने शिकावे एवढी एकच आस तिला असते. या कादंबरीतली माणसे वऱ्हाडी बोलतात आणि त्या बोलण्यात लेखकाने ठिगळ लावलेले कुठेही दिसत नाही. घरातल्या अर्धपोटी रात्री, उसनवारी, मजुरीचा हिशोब, सगळे आतून माहीत असलेल्या माणसाने लिहिले आहे. पुढे शेळके यांनी लेखणीवरच पोट भरायचे ठरवले आणि ढिगाने कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या बहुतेक आज विस्मरणात गेल्या, ‘धग’ राहिली. हे मी त्यांना दोष देण्यासाठी सांगत नाही. इतक्या मोठ्या लेखकालाही पानांच्या हिशोबाने लिहावे लागले, ही मराठी वाचकांनी मनाला लावून घ्यावी अशी गोष्ट आहे. पूर्णवेळ लेखक होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या तरुणाने मात्र हा इतिहास वाचावा.

शेजारच्या वाशीमचे नामदेव कांबळे शिक्षक. त्यांच्या ‘राघववेळ’ला १९९५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बुलडाण्याचे सदानंद देशमुख महाविद्यालयात मराठी शिकवत. त्यांची ‘बारोमास’ २००२मध्ये आली आणि २००४चा अकादमी पुरस्कार घेऊन गेली. शिकूनही नोकरी न लागलेला एकनाथ तीत आहे. नापिकी, कर्ज, घरातली रोजची कुरबुर आणि शेतकऱ्याच्या पोराला न मिळणारा मान, हे सारे तीत आहे. देशमुखांच्या वर्गात असे किती एकनाथ बसले असतील. मास्तर फळ्याकडे वळतो तेव्हाही त्याला पाठीमागे बसलेली पोरे कळत असतात, आणि वर्षानुवर्षे कळत राहतात.

लिहिण्याची प्रेरणा कुठून येते, याचे उत्तर माझ्या मते इथेच आहे. कवितेला एखादा दिवस पुरतो, कादंबरीला मुक्काम लागतो. एका गावात, एका खुर्चीवर वीस वर्षे बसलेल्या माणसाला जे दिसते ते हौशी पाहुण्याला दिसत नाही. तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत भावाभावांची भांडणे आणि बहिणींनी सोडलेले हक्क तारखेनिशी असतात. आशाताई प्रत्येक घराच्या चुलीपर्यंत जाते. वेचणी लागली की वर्गातली कोणती पोरे गायब होतात, हे झेडपीच्या शिक्षकाला ठाऊक असते. बँकेत पीककर्जाचे कागद तपासणारा कारकून, बोंडअळीचा पंचनामा लिहिणारा कृषी सहायक, पुसद-उमरखेड फेरी करणारा वाहक, जिनिंगवर गाठी मोजणारा दिवाणजी, हे सगळे रोज कादंबरीच्या कच्च्या मालात बसलेले असतात.

आणि माल केवढा! पैनगंगेपासून वर्धेपर्यंत पसरलेला सोळा तालुक्यांचा जिल्हा. कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे, गोंडांची गावे, वणीकडच्या कोळशाच्या खाणी, तेलंगणाला लागून असलेली झरी-जामणी. कापूस वाहण्यासाठी गोऱ्यांच्या कंपनीने घातलेली आणि आता बंद पडलेली यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे. १९७२ला सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी, २००२ला आलेले बीटी बियाणे. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीव दिला. २०१७च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. या घटना वर्तमानपत्रांत आल्या, त्यांवर अहवाल झाले, मदतीचे धनादेश वाटले गेले. बातमी पंचनाम्याशी संपते. त्या घरात दहा वर्षांपूर्वी काय बोलणे चालले होते आणि दहा वर्षांनी पोरगी कुठे दिली, हे कादंबरीच सांगू शकते.

लिहायचे कसे, याबद्दल थोडे. नागपूरचे नंदा खरे स्थापत्य अभियंते होते. पूल, धरणे ही त्यांची कामे. ‘अंताजीची बखर’ १९९७मध्ये आली. भोसल्यांच्या बंगाल स्वाऱ्यांचा काळ आणि एक काल्पनिक माणूस तो सगळा सांगतो, अशी तिची घडण. बांधकामाला नकाशा आधी लागतो तशी ती घडण मला वाटते, एकही खांब पोकळ जमिनीवर नाही. पुढे ‘उद्या’ला २०२०चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला तो त्यांनी नाकारला. त्यांच्यापासून शिकण्यासारखे हे, की माहिती आधी पक्की करावी. आपल्या कादंबरीतला शेतकरी कोणत्या साली कोणते बियाणे पेरत होता, भाव काय होता, बाजार समितीत कट्टी किती कापत, मजुरी रोजाने होती की किलोने, हे चुकले तर गावातला वाचक तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतो.

वेळेचा प्रश्न खरा आहे. बाईमाणसाला तर तो दुप्पट जाचतो, कारण कचेरी सुटल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते. त्यावर नेमाशिवाय उपाय मला दिसत नाही. रोज एक पान लिहिले तर वर्षाला तीनशे पाने होतात. गुंतागुंतीचे प्रसंग सुटीसाठी राखावेत, संवाद आणि टिपणे रोजच्या रोज करावीत. ऐकलेले बोलणे त्याच दिवशी उतरवावे, दुसऱ्या दिवशी ते आपोआप पुस्तकी होते. पात्रांना मले, तुले, काहून म्हणू द्यावे, बंजारा आजीला तिच्या गोरमाटीत बोलू द्यावे. वाचकाला समजेल का, ही भीती ‘धग’ने साठ वर्षांपूर्वीच खोटी ठरवली आहे.

एक जबाबदारी मात्र विसरू नये. लहान गावात प्रत्येक पात्र ओळखू येते. कामावर विश्वासाने कळलेली गोष्ट, रुग्णाची असो की कर्जदाराची, जशीच्या तशी छापणे हा द्रोह आहे. तीन घरांतले दुःख एका घरात आणावे, गाव, जात, नाते, क्रम बदलावा. असे करताना लेखकाला त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघावे लागते, आणि माझ्या मते कादंबरी तिथेच सुरू होते. सरकारी नोकरीत असाल तर सेवानियम वाचून घ्या, गरज असेल तिथे परवानगी मागा.

हा अंक यवतमाळात, वणीत, पुसदला, दारव्ह्याला जो कुणी शिक्षक, परिचारिका, तलाठी, वाहक किंवा कास्तकार वाचत असेल त्याला माझी विनंती आहे. यंदाच्या उलंगवाडीनंतर उन्हाळ्याचे दोन महिने मिळतील. एक जाड वही घ्या, आपल्या कामाच्या जागेवरचे एक घर निवडा आणि त्या घराची वीस वर्षे लिहायला बसा. प्रकाशक, पुरस्कार, संमेलन यांचा विचार आता नको. पहिला खर्डा पुरा झाला की आपल्याच गावातल्या दोन माणसांना वाचून दाखवा, एक शेतकरी आणि एक बाई. ते सांगतील ते दुरुस्त करा आणि मग पुढच्या दिवाळीला आम्हाला पाठवा.