बंद झालेल्या परीवाटा

परीवाट म्हणजे रानातली अशी पायवाट, जिच्या कडेला झाडांच्या ढोलीत, मुळांच्या बेचक्यात किंवा बुंध्याशी पऱ्यांसाठी चिमुकली घरे मांडलेली असतात. सालीचे छप्पर, पाइनच्या शंकूच्या खवल्यांची कौले, काटक्यांची शिडी, अंगणात ओकच्या फळाच्या टोपीची वाटी. इंग्लंड, आयर्लंड आणि अमेरिकेत अशा वाटा गेल्या काही वर्षांत गावोगावी तयार झाल्या. २०२० च्या टाळेबंदीत लहान मुलांना जवळच्या रानाखेरीज कुठे नेता येत नव्हते, तेव्हा त्यांत आणखी भर पडली. सुरुवात बहुधा एखाद्याच कुटुंबाने केलेली असते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना घरे आवडतात, मग शेजारीपाजारी, शाळकरी मुले, आजी-आजोबा आपापले घर आणून ठेवतात. त्यासाठी परवानगी घ्यावी असे सहसा कुणाच्या मनातही येत नाही. या वाटांचे सारे सुख या मोकळेपणात आहे. त्यांतल्या कित्येक बंद कराव्या लागल्या, त्यामागेही तोच मोकळेपणा आहे.

आयर्लंडमधील जुनी लोकसमजूत याच्या नेमकी उलट होती. पऱ्यांचे झाड मानलेल्या हॉथॉर्नला हात लावायचा नाही, फांदी तोडायची नाही. ही समजूत अगदी परवापर्यंत टिकून होती. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटून येथे नव्या रस्त्याच्या आड येणारे असे एक झाड एका लोककथाकाराने आवाज उठवल्यामुळे वाचले. जुनी परी माणसाला झाडापासून लांब ठेवत असे. नवी परी त्याला खिळा-हातोडी घेऊन झाडापाशी बोलावते.

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात क्रुकर्नजवळच्या वेफर्ड वुड्स या वनराईत हे ठळकपणे दिसले. तिथे झाडांच्या बुंध्यांना छोटी लाकडी दारे बसवण्याची प्रथा पडली. मुले दारांपाशी पऱ्यांसाठी चिठ्ठ्या ठेवू लागली. दारांची संख्या दोनशेच्या घरात गेली, आणि त्यांत हाताने घडवलेल्या दारांबरोबर बाजारू, भडक वस्तूही येऊ लागल्या. अखेर २०१५ मध्ये वनराईच्या विश्वस्तांनी नव्या दारांना आवर घालण्याचे ठरवले. परी आणि ‘नियंत्रण’ हे शब्द एकत्र आल्याने ती बातमी जगभर गेली. पण विश्वस्तांची अडचण खरी होती.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ओव्हरलँड पार्क शहरातील टॉमहॉक क्रीक पायवाटेवरही असेच घडले. २०१३ च्या सुमारास तिथल्या झाडांच्या ढोलीत रातोरात घरे दिसू लागली. एक आई आपल्या मुलांसह ती गुपचूप ठेवत होती. कर्करोगाने दगावलेल्या एका लहान मुलीच्या आठवणीसाठीही तिने एक घर केले. २०१५ च्या ‘द नोमिस्ट’ या लघुपटात ही हकीकत आली आहे. गर्दी वाढली, इतरांनीही वस्तू आणून ठेवायला सुरुवात केली, आणि शेवटी घरे काढली गेली. अशा ठिकाणी परीघर हे कुणाच्या तरी दुःखाचा विसावा झालेले असते. म्हणून ते काढताना लोक चिडतात, रडतात. त्यांची समजूत काढताना कारणे नीट सांगितली गेली पाहिजेत.

पहिले कारण झाडाचे. पाने तयार करतात ते अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते, आणि खोड ज्या थरामुळे जाड होते तो पातळ थरही त्याच्या लगेच आत असतो. खिळा या दोन्हींतून आरपार जातो. माणसाच्या त्वचेसारखी झाडाची जखम भरून येत नाही. अमेरिकी वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी दाखवून दिल्याप्रमाणे झाड त्या जखमेभोवती भिंत घालून तिला बंदिस्त करते. इजा झालेले लाकूड कायम आतच राहते. एका खिळ्याने मोठे झाड मरत नाही. मात्र दरवर्षी नवी दारे ठोकली जातात तेव्हा बुरशीला शिरायला तितक्या जागा मिळतात.

दुसरे कारण ढोलीचे. परीघरासाठी सर्वांत सुंदर जागा म्हणजे ढोली, आणि रानात सर्वांत जास्त मागणी असलेली जागाही तीच. घुबडे, खारी, वटवाघळे, कीटक तिथे राहतात. इंग्लंडमध्ये वटवाघळांच्या निवाऱ्याला, तो त्या वेळी रिकामा असला तरी, कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय ढोली असणे म्हणजे आतले लाकूड कुजलेले असणे. म्हणजेच लहान मुले ज्या झाडाशी गुडघे टेकून आत डोकावतात, त्याच्याच फांद्या तुटून पडण्याची भीती अधिक असू शकते. इंग्लंडच्या १९५७ च्या कायद्यानुसार जागेवर येणाऱ्यांच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणे जागेचा ताबा असणाऱ्याला बंधनकारक आहे, आणि मुले मोठ्यांपेक्षा कमी जपून वागणार हे त्याने गृहीत धरायचे असते. परीवाट तर मुलांनाच बोलावते. ब्रिटनमध्ये २०१२ पासून अ‍ॅश वृक्षांवर बुरशीचा घातक रोग पसरला आहे. अशी झाडे असलेल्या रानात हा प्रश्न आणखी गंभीर होतो.

तिसरे कारण पायांखालचे. झाडाची बहुतेक बारीक मुळे वरच्या फूट-दोन फूट मातीतच असतात. प्रत्येक घरापर्यंत एक नवी फाटा-वाट पडते, माती दाबली जाते, तिच्यातली हवा-पाण्याची जागा आटते. छपरांसाठी जिवंत शेवाळ खरवडले जाते, ते पुन्हा यायला वर्षे लागतात. चमकी, काचमणी आणि प्लॅस्टिकच्या कुंपणांचे बारीक तुकडे मातीतून वेचून काढणे जवळजवळ अशक्य असते.

सगळ्याच वाटा बंद पडत नाहीत. अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यासमोरच्या मॉनहेगन बेटावर कॅथीड्रल वुड्समध्ये परीघरे बांधण्याची जुनी हौस आहे. १९५४ मध्ये थिओडोर एडिसन (थॉमस एडिसन यांचे पुत्र) यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली संस्था तिथले रान सांभाळते. तिथे भर आहे तो गळून पडलेल्या काटक्या, पाने, शंकू वापरण्यावर. जिवंत काही उपटायचे नाही आणि बाहेरून काही आणायचे नाही. असे घर दोन-चार पावसांत मातीत मिसळते. न्यू जर्सीतील साउथ माउंटन रिझर्व्हेशनमधली परीवाटही नैसर्गिक वस्तूंनीच सजते, आणि येणाऱ्यांनी आपली घरे तिथे ठेवू नयेत अशी विनंती असते. मोकळेपणाला घातलेल्या या मर्यादेनेच ती वाट जगली आहे.

वाट बंद करायचीच झाली, तर आधी तारीख जाहीर करून लोकांना आपापली घरे नेऊ देणे उत्तम. आठवणींची घरे तर कुटुंबांच्या हातीच द्यावीत. उरलेली घरे गावातील वाचनालयाच्या किंवा शाळेच्या बागेत मांडता येतात. सैल खिळे व स्क्रू काढले जातात. लाकडाने गिळलेले खिळे मात्र उपटत नाहीत, कारण त्याने बंद झालेली जखम पुन्हा उघडते. अशा झाडांची नोंद ठेवावी लागते, कारण पुढे कधी छाटणी निघाली तर आत दडलेल्या लोखंडावर यांत्रिक करवतीची साखळी तुटून करवत चालवणाऱ्याला इजा होऊ शकते.